डोंगरउतारावरचे मांडव

आमच्या माहेरी आजोबांपासून द्राक्षं आहेत. वाइन मात्र घरात कधी आली नाही. निफाड तालुका, काळी जमीन, गळ्यात माळ घातलेले वडील आणि आता माळ घातलेला दादा. खरड छाटणी, गोडी छाटणी, डावणी-भुरीचे रोग, बेदाणा हे शब्द माझ्या कानांवर पाढ्यांच्याही आधी पडले. पुढे मी पुण्याला आले, बँकेत चिकटले, आणि द्राक्षांशी नातं उरलं ते फेब्रुवारीत दादाकडून येणाऱ्या पेट्यांपुरतं. मग लेक म्युनिकला गेली आणि एका ऑक्टोबरात तिने आम्हा दोघांना रेल्वेने ब्रेनरची खिंड ओलांडून दक्षिण टिरोलला नेलं. नकाशावर इटलीचं अगदी उत्तरेचं टोक, लोकांच्या तोंडी बहुतेक जर्मन, आणि डोंगरभर द्राक्षं. नवऱ्याला वाइनची हौस. मला एका ग्लासात झोप येते. तेव्हा या गोष्टी वाइनच्या जाणकाराच्या नाहीत, बागायतदाराच्या मुलीच्या आहेत. क्रम जसा आठवला तसा.

१. थंड हवेचा द्राक्षप्रदेश दुपारी चांगलाच तापू शकतो. मी बॅगेत स्वेटर कोंबले होते आणि बोझेनच्या स्टेशनाबाहेर कपाळावरचा घाम पुसत उभी होते. हे शहर (इटालियनमध्ये बोल्झानो) समुद्रसपाटीपासून जेमतेम २६२ मीटरवर, चारी बाजूंनी डोंगरांनी घेरलेलं. उन्हाळ्यात इटलीतल्या सर्वांत तापणाऱ्या शहरांत त्याचं नाव येतं. मग थंडी गेली कुठे? ती वर असते, आणि रात्री असते. शहरातूनच रिटेनच्या पठारावर जाणारा रोपवे निघतो. बारा मिनिटांत तो सुमारे १,२२० मीटरवर नेऊन सोडतो, आणि तेवढ्या वेळात खाली सगळा भूगोल उलगडत जातो: तळाशी सपाटीवर शहर आणि बागा, मग सांक्ट माग्डालेनाच्या टेकडीवर लाल वाइनची द्राक्षं, मग जंगल, मग कुरणं आणि गाई. वर उतरल्यावर मी मुकाट्याने स्वेटर चढवला. त्या बारा मिनिटांत एक गोष्ट डोक्यात शिरली, जी पुस्तकात वाचून शिरली नसती. दिवसाचं ऊन मण्यात साखर भरतं आणि रात्रीची गार हवा आंबटपणा राखते. रात्र उष्ण असली की मणी श्वसनात स्वतःचंच आम्ल खर्चून टाकतो. गार असली की ते शिल्लक राहतं. शिवाय दुपारी दक्षिणेकडून, गार्डा सरोवराच्या बाजूने, ‘ओरा’ नावाचा वारा खोऱ्यात घुसतो आणि पानं कोरडी करून जातो. मी हे सगळं व्हिडिओ कॉलवर दादाला मोठ्या उत्साहाने सांगितलं. तो म्हणाला, “पानं रोज वाळत्यात म्हनजे डावणीच्या किती फवारण्या वाचत असतील बघ.”

२. एवढ्या लांब जाऊन मी पहिल्यांदा पाहिला तो मांडव. युरोपातल्या द्राक्षबागा म्हणजे कुंपणासारख्या उभ्या तारांच्या ओळी, असं फोटोंमधून मनात बसलेलं. दक्षिण टिरोलची जुनी रीत मात्र मांडवाची आहे. लाकडी खांब, त्यावर तिरकं छत, वेल वर चढून पसरलेली आणि घड खाली सावलीत लोंबकळणारे. आपला मांडव सपाट, त्यांचा डोंगराच्या चढाला तोंड करून तिरपा. बाकी सगळं ओळखीचं. काल्टर्नजवळच्या एका शेतावर मालकीणबाईंच्या मागोमाग मी आत शिरले आणि माझी मान आपोआप वाकली. लहानपणी मांडवाखाली वावरलेल्या माणसाची मान वाकतेच. मागून नवऱ्याचं कपाळ खांबावर आपटल्याचा आवाज आला.

या मांडवाची गोष्ट मला फार आवडली. पूर्वी इथे फेरनाच ही फिक्या लाल वाइनची जात सर्वांत जास्त होती. तिचे घड मोठे, उत्पन्न भरपूर, आणि मांडव त्याला सोयीचा. १९८०च्या दशकापासून वारं फिरलं. उत्पन्न कमी आणि दर्जा जास्त हवा म्हणून अनेकांनी मांडव काढले, तारा ओढल्या. आता उन्हाळे तापू लागल्यावर काहींना पुन्हा मांडवाची आठवण येते आहे, कारण त्याच्या सावलीत घड करपत नाहीत. म्हातारा मांडव मोडून तारा लावणारा मुलगा आणि त्याला ‘मी म्हणत नव्हतो?’ असं न म्हणता गप्प बसलेला बाप, अशी एक जोडी त्या खोऱ्यात नक्की असणार. आमच्याकडे मांडव काढून वाय आकाराच्या आधारांची पद्धत आली तेव्हा वडील असेच गप्प बसले होते.

३. माझं द्राक्षाचं सगळं ज्ञान तिथे उलटं लागू होतं. आमच्याकडे मण्याची जाडी म्हणजे इज्जत. सोळा मिलिमीटर, अठरा मिलिमीटर; त्यासाठी विरळणी, त्यासाठी जीएची (मणी फुगवणाऱ्या संप्रेरकाची) डिपिंग, त्यासाठी रात्रीचा दिवस. निर्यातीच्या पेटीत बारीक मणी दिसला तर पॅकहाउसमध्ये चेहरे पडतात. इथे मालकीणबाई एक घड हातात घेऊन अभिमानाने सांगत होत्या की बघा, मणी किती लहान आहे! रंग, वास, तुरटपणा हे सगळं सालीत असतं; मणी जितका लहान तितकी रसाच्या मानाने साल जास्त. मोठा मणी म्हणजे त्यांच्या लेखी पाणी. त्याही विरळणी करतात, पण पूर्ण घडच्या घड हिरवे असताना कापून जमिनीवर टाकतात, म्हणजे उरलेल्यांत दम येईल. जमिनीवर पडलेले घड मी नुसते ऐकले तरी पोटात कालवलं. आमच्याकडे एकरी दहा-बारा टन निघाले नाहीत तर वर्ष वाया गेलं म्हणतात. इथे चांगल्या वाइनसाठी एकरी तीन-चार टनांवर माणूस समाधानी असतो. मी एक मणी तोंडात टाकला. साल जाड, बिया दाताखाली, पण गोडी अशी की क्षणभर बोलता आलं नाही. आपण खायचं द्राक्ष अठरा ब्रिक्स गोडीला खुडतो. हे बावीस-तेविसाच्या पुढचं होतं. म्हणजे जगातलं गोड द्राक्ष लोक पिळून आंबवतात आणि त्याहून कमी गोड द्राक्ष आपण ताटात मांडतो. या व्यवस्थेत काहीतरी गडबड आहे असं मला तिथे उभ्याउभ्या वाटलं, आणि अजूनही वाटतं.

४. तिथली वेल झोपते. हे वाक्य साधं आहे, पण द्राक्षाच्या घरात वाढूनही मी ते कधी पाहिलं नव्हतं. नाशिकला थंडी येते, पण वेलीला पूर्ण पानगळ करून निजवण्याइतकी नाही. म्हणून आपण तिला छाटणीने जागं ठेवतो: एप्रिलमध्ये एकदा काडीसाठी, ऑक्टोबरात एकदा फळासाठी. दोन छाटण्या, एक पीक, विश्रांती शून्य. तिथे खुडणी संपली की पानं पिवळी, तांबूस होऊन गळतात, वेल हिवाळाभर उघडी पडून राहते, थंडीत एकदाच छाटतात, आणि एप्रिलच्या आसपास डोळे फुटतात. प्रिसियान नावाच्या गावात काट्सेनत्सुंगेन किल्ल्याच्या पायथ्याशी साडेतीनशेहून अधिक वर्षं वयाची मानली जाणारी एक वेल आहे, वेर्सोआल्न जातीची. एकाच वेलीचा मांडव, आणि तो अजून फळतो. आमच्याकडे बारा-पंधरा वर्षांत बाग थकली म्हणून उपटतात. मी त्या वेलीच्या खोडाला हात लावून उभी होते, लेक म्हणाली, “आई, फोटो काढू का?” मी नको म्हटलं. सुट्टी न मागता चाळीस वर्षं नोकरी केलेल्या बाईचा त्या खोडासोबतचा फोटो चांगला आला नसता.

५. वासाची भाषा ज्याची त्याने आपल्या घरून आणायची असते. त्रामिन गावातल्या तळघरात गेव्युर्त्सत्रामिनर चाखायला दिली, तेव्हा माहिती देणाऱ्या मुलीने लिची, गुलाब अशी नावं सांगितली. नवरा डोळे मिटून मान डोलावत होता. मी ग्लासात नाक घातलं आणि आजीच्या फडताळातली गुलकंदाची बरणी उघडल्यासारखं झालं. तोच वास, तंतोतंत. आता आजीच्या गुलकंदाचा आणि आल्प्सच्या उताराचा काय संबंध? पण त्या एका वासाने माझी भीड मोडली. बाकीच्यांत मात्र माझी मजल फारशी गेली नाही. सिल्व्हानर आणि सोविन्यों ब्लां शेजारी शेजारी ठेवल्या, दोन्हींचं वर्णन वेगवेगळं झालं. मला दोन्ही छान आंबट लागल्या. लाग्राइन तुरट, दाट. फेरनाच इतकी हलकी की मीही अर्धा ग्लास संपवला. नवऱ्याने तिला ‘साधी’ म्हणून बाजूला सारलं. मला वाटतं, जेवणासोबत रोज पिता येईल अशी गोष्ट करणं हेच अवघड असावं.

६. डोंगरातली ही सगळी चकाकी सहकारातून आली आहे, हे कळल्यावर मी ग्लास खाली ठेवून प्रश्न विचारायला लागले. मला वाटलं होतं की वाइन म्हणजे वाडे, जहागीरदार, उंची घराणी. तीही आहेत. पण दक्षिण टिरोलमध्ये द्राक्षं लावणारी साधारण पाच हजार कुटुंबं, आणि सरासरी एका कुटुंबाकडे जेमतेम हेक्टरभर बाग. त्यातल्या बहुतेकांकडे स्वतःचं तळघर नाही. तिथल्या वाइनपैकी सुमारे सत्तर टक्के सहकारी तळघरांत तयार होते. पहिलं आंद्रियान गावात, १८९३ साली. त्याच वर्षी नदीपलीकडे टेरलानचं. त्रामिनचं १८९८ साली, तेही गावच्या धर्मगुरूंच्या पुढाकाराने. प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे आणि धनंजयराव गाडगिळांनी १९५०च्या सुमारास जो सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याच्या अर्धशतकाआधी.

बँकेतली बाई असल्यामुळे मला हिशेब विचारल्याशिवाय राहवेना. सभासदाने आपलं सगळं द्राक्ष सोसायटीलाच घालायचं, बाहेर विकायचं नाही. पैसे नुसत्या वजनावर नाहीत. कुठला तुकडा, किती उंचीवर, घड किती निरोगी, कधी खुडला, यावर दर. तळघराचा माणूस हंगामात बागेत येऊन बघून जातो आणि खुडायचा दिवस तोच ठरवतो. मी विचारलं, लोक कुरकुरत नाहीत का? शेजारच्या बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्या सभासदाने लेकीला जर्मनमध्ये लांबलचक काहीतरी सांगितलं. तिने त्याचा सारांश एका वाक्यात केला: “त्यांचा तुकडा खालच्या वर्गात टाकलाय, आणि ते वीस वर्षं चुकीचं आहे.” मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

एक गोष्ट मात्र आमच्याकडे ऐकली नव्हती. टेरलानच्या तळघराचे प्रमुख सेबास्टियान श्टॉकर यांनी १९५५पासून दर वर्षीच्या काही बाटल्या विकायच्या नाहीत असं ठरवलं आणि त्या बाजूला ठेवत गेले. पांढरी वाइन ताजी प्यायची असते, हे तेव्हाचं सर्वमान्य मत. त्यांना ती जुनी होऊन कशी लागते ते बघायचं होतं. आज तो साठा म्हणजे त्या तळघराची प्रतिष्ठा आहे. कुठल्याही सहकारी संस्थेत, सभासद पैशाची वाट बघत असताना, काही माल न विकता ठेवून देणारा माणूस टिकतो कसा, हे कोडं मला वाइनपेक्षा चढलं.

७. सर्वांत जास्त विचार मी ज्या गोष्टीचा केला ती वाइन नव्हे, वारसा आहे. त्या मालकीणबाईंचं शेत डोंगराच्या कडेला, घर, गोठा, बाग, थोडं जंगल असं एकत्र. मी सहज विचारलं, तुम्हाला भावंडं किती? तीन भाऊ. मग शेत? “माझं,” त्या म्हणाल्या. सगळं? सगळं. तिथे ‘बंद शेत’ नावाची व्यवस्था आहे. अशी नोंद झालेलं शेत तोडता येत नाही. मालक गेला की ते अख्खं एकाच वारसाकडे जातं. बाकीच्यांना पैसे मिळतात, तेही जमिनीच्या बाजारभावाने नाही, तर शेतीच्या उत्पन्नावर काढलेल्या किमतीने. नोंद व्हायची तर त्या शेतावर किमान चार माणसांचं नीट पोट भरलं पाहिजे, अशी अट. शेकडो वर्षांची ही रीत इटलीने १९२९ साली मोडली. प्रांताने १९५४ साली ती पुन्हा आणली, आणि आजचा कायदा २००१चा. पूर्वी थोरल्या मुलाचा हक्क. आता कायद्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही.

मी डोंगराकडे बघत बसले. आजोबांच्या जमिनीचा एक गट होता. तो वडील आणि काकांत वाटला, मग चुलतभावांत. आज तिथे चार पट्टे आहेत, तीन बांध आणि एका बांधावरून दोन घरांचं बोलणं बंद. त्या हिशेबाने हा कायदा मला सोन्यासारखा वाटला. दरी-डोंगरातल्या इतक्या लहान शेतांवर अजून माणसं राहतात, मांडव बांधतात, त्याचं कारण ती शेतं तुटली नाहीत.

पण मग मी विचारलं, आणि बाकीचे? पूर्वीच्या काळी धाकटे भाऊ त्याच शेतावर गडी म्हणून राबायचे, किंवा खोरं सोडून जायचे. मालकीणबाईंचे भाऊ इन्सब्रुकला नोकरी करतात. “ते रागावलेत का?” त्या जरा थांबल्या. “एक,” म्हणाल्या.

मी हक्कसोडपत्रावर सही केली आहे. २००५ साली कायद्याने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा वाटा दिला आणि वडील गेल्यावर आम्ही दोघी बहिणी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाऊन तो परत देऊन आलो. कोणी जबरदस्ती केली नव्हती. दादाने बाहेर पेढे दिले, वहिनीने साडी. माहेर उघडं राहावं म्हणून ही सही असते, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी बोलत नाही. आता डोंगरातली ही बाई मला सांगत होती की तिच्या इथे मिळकत एकालाच जाते, पण तो एक जण बाकीच्यांचे पैसे वर्षानुवर्षं फेडत बसतो. तिच्या कर्जाचे अजून हप्ते चालू होते. कुठलं बरं? मला उत्तर सापडलं नाही. शेत वाचतं तेव्हा ते कोणाच्या तरी वाट्यातून वाचतं, एवढं कळलं. त्या रात्री मी बहिणीला फोन केला. विषय काढला नाही, नुसत्या गप्पा मारल्या.

८. सीमा माणसांच्या अंगावरून सरकतात. १९१९च्या तहात हा प्रदेश ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला. मुसोलिनीच्या काळात जर्मन शाळा बंद झाल्या. १९३९ साली हिटलर-मुसोलिनींच्या करारानुसार लोकांना निवड करायला लावली, एक तर जर्मनीत जा, नाहीतर इटालियन होऊन राहा. १९७२च्या स्वायत्ततेनंतर गाडी रुळावर आली. आज प्रत्येक पाटीवर दोन भाषा, बाटलीवरही, आणि पोरं दोन्ही बोलतात. माझं आजोळ बेळगावचं. नवरा त्या पाट्यांसमोरून झपाझप पुढे जायचा, मी मागे राहायचे.

९. चाखायला घेतलेली वाइन थुंकायची असते. हे मला शेवटपर्यंत जमलं नाही. चाखण्याच्या टेबलावर भांडं ठेवलेलं असतं. जाणकार घोट फिरवतात आणि त्यात सोडतात. ताटात टाकू नये, या संस्कारात वाढलेल्या बाईने काय करावं? मी गिळत गेले आणि संध्याकाळी सहाला झोपत गेले. सुदैवाने गाडी चालवायची नव्हती. मुक्कामाच्या घरातून पाहुण्यांना बस, रेल्वे आणि बऱ्याच रोपवेंचा पास मिळतो, आणि द्राक्षं बघायला निघालेल्या माणसासाठी याहून शहाणी सोय मला माहीत नाही.

१०. आभाळाची भीती सगळीकडे सारखीच असते, फक्त महिना बदलतो. निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा घसरला की मणी तडकायची भीती. मग पहाटे बागेत शेकोट्या, ठिबक सुरू. तिथे भीती एप्रिलची, फुलोऱ्याच्या वेळची. खोऱ्याच्या तळाशी गार हवा साचते आणि तळाशीच सफरचंदाच्या बागा आहेत, मैलोन्‌मैल. गोठायची रात्र आली की सफरचंदवाले तुषार संच चालू करून फुलांवर पाणी मारतात. मला आधी हे वेडेपण वाटलं. पण पाणी गोठताना उष्णता सोडतं. पाणी पडत राहिलं तोवर बर्फाच्या आवरणाखालचं फूल शून्याच्या आसपास टिकून राहतं. सकाळी उन्हात अख्खी बाग काचेची होते म्हणे. पहाटे तीनला उठून आपल्या मोहरावर स्वतःच्या हाताने बर्फ चढवायचा, याला काय छाती लागत असेल!

गारांसाठी जाळ्या आहेत, आता आपल्याकडेही क्रॉप कव्हर येऊ लागलं आहे. वाढत्या उष्म्यावर मात्र जाळी नाही. खुडणी पूर्वीपेक्षा लवकर येते असं ज्याला विचारावं तो सांगतो, आणि नवी लागवड वर वर सरकते. फेनबेर्गच्या पठारावर एक हजार मीटरवर म्युलर-थुर्गाउ ही जात १९७२ साली लावली, तेव्हा ते धाडस होतं. आज त्या उंचीकडे लोक सोय म्हणून पाहतात. त्यांना वर जायला डोंगर आहे. २०१९च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळीने आमच्या भागातल्या फुलोऱ्यातल्या बागा झोडपल्या, तेव्हा दादाला जायला वर काही नव्हतं. हे मी तिथे कोणाला बोलले नाही.

११. पोट भरल्याशिवाय या प्रदेशाचं मत बनवू नये. शरदात आइझाक नदीच्या खोऱ्यात ट्योर्गेलन नावाची रीत असते: शेतघराच्या लाकडी खोलीत बसायचं, नवी, अजून पुरती न आंबलेली वाइन, जवाचं सूप, पालक भरलेले अर्धचंद्राकार श्लुट्सक्राप्फेन, आणि शेवटी भाजलेली चेस्टनट लोण्याबरोबर. मांसाच्या थाळ्याही येतात. मी शाकाहारी, माझं काही अडलं नाही. जवळच ११४२ साली स्थापन झालेला नॉयश्टिफ्टचा मठ आहे आणि तिथले साधू अजून स्वतःच्या बागांची वाइन करतात. माळकऱ्याच्या मुलीला ही गोष्ट पचवायला सूप संपेपर्यंत वेळ लागला. त्या मठाची सिल्व्हानर नवऱ्याने घेतली. मला नवी वाइन आवडली, गोडसर, गढूळ. ती बाटलीत भरून नेता येत नाही, हे बरंच आहे.

१२. घरच्यांना काय आणायचं, हा प्रश्न शेवटपर्यंत सुटत नाही. विमानतळावर माणशी दोन लिटरची मुभा. नवऱ्याने स्वतःची भरली, माझीही भरली. एक बाटली मी दादासाठी म्हणून हट्टाने वेगळी काढली. माळकरी आहे, पिणार नाही, माहीत होतं. तरी द्राक्षवाल्याच्या हातात द्यावीशी वाटली. वहिनीने ती दिंडीतले लोक घरी येतात म्हणून पिठाच्या डब्यामागे ठेवली. दादाने लेबलवरचा उताराचा फोटो मात्र निरखून पाहिला आणि विचारलं, “वेलीला घड किती ठेवत्यात?” मी सांगितलं. तो हसला.

पण फेब्रुवारीत गेले तेव्हा बागेच्या कडेची एक ओळ त्याने वेगळी राखली होती: निम्म्याने कमी घड, जीएची डिपिंग नाही. मणी बारीक, सोनेरी, आणि गोडी खरोखर भारी. व्यापारी बघायला आला. त्याने दोन मणी खाल्ले, तिसरा खाल्ला, मान डोलावली आणि खिशातून मण्याचं माप काढलं. “चव एक नंबर हाय, पन साइज न्हाई. ही ओळ बेदाण्याला काढा.” दादाने काढली.